आल्ता व्हिया १: ‘सिकूरो’ ऐकून निघू नका

इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या आल्ता व्हिया १ या लांब पायवाटेवर ब्राएस तलावापासून निघाले. पहिले दिवस सुंदर गेले, वाटा सोप्या, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायचंय ते नुवोलाऊ ते पासो जाऊ (जाऊ खिंड) या टप्प्याबद्दल. तिथे एका इटालियन शब्दाने मला फसवलं.

रिफूजो (डोंगरातलं मुक्कामाचं घर) नुवोलाऊ 2575 मीटरवर, अगदी माथ्यावर आहे. तिथून दक्षिणेला 438 क्रमांकाची वाट उतरते. रात्री पाऊस पडून गेला होता. बाहेर बूट बांधत बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, “ए सिकूरो?” मला म्हणायचं होतं, सुरक्षित आहे का. ते म्हणाले, “सिकूरो, सिकूरो!” निघाले. पण सिकूरो म्हणजे ‘सुरक्षित’ तसंच ‘हो तर, नक्की’. वाट पासो जाऊला जाते का, एवढंच मी विचारतेय असं त्यांना वाटलं असणार.

काही मिनिटांतच पोलादी दोर आणि लोखंडी शिडी. पाठीवर अकरा किलोंची सॅक, खडक ओला. कड्याकडे तोंड करून मागे पाय सोडला तर पायरी लागेचना. दोराची एक सुटलेली तार हातमोज्यात अडकली, ती सोडवायला एक हात काढावा लागला. तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही.

माझ्यामागे थांबलेल्या एक आजी वरून म्हणाल्या, “इन बोक्का अल लूपो!” शब्दशः ‘लांडग्याच्या तोंडात’, पण ही शुभेच्छा आहे. उत्तर “क्रेपी!”, म्हणजे मरो तो लांडगा. मी ते ओरडून म्हटलं आणि खरंच धीर आला. साध्या वाटेवर “बुऑन वियाज्जो” (शुभ प्रवास) पुरतं, पण अशा जागी हेच म्हणतात. आपण ‘सांभाळून हं’ म्हणतो, तसं “मी राक्कोमांदो” कानावर पडलं की समजा पुढे खरंच जपायचंय.

तेव्हा ‘सिकूरो’ विचारूच नका. विचारा, “ए एस्पोस्तो?” (बाजूला दरी उघडी आहे का), “ची सोनो स्काले?” (शिड्या आहेत का), “ए बान्यातो?” (ओलं आहे का). पाटीवर किंवा नकाशात ईईए (साधनं लागणारी, अनुभवी लोकांसाठीची वाट) असेल तर हार्नेस, हेल्मेट आणि फेराटा किटशिवाय (स्वतःला पोलादी दोरात अडकवायचे पट्टे) जाऊ नका, मग कुणी काहीही सांगो. ओल्या दिवशी रिफूजो आवेराऊला परत येऊन 452 ची वाट धरा. तीही दगडधोंड्यांची आहे, पण शिडी नाही. मी आता तीच घेईन.

मदतीला 112. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबून पुन्हा. जखम नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर व्हेनेतो प्रांतात बिल भरावं लागतं, विमा काढूनच या.

आणि रिफूजोचं बुकिंग असून पोचणार नसाल तर फोन कराच, तिथे तुमची वाट बघत असतात. पासो जाऊला उतरल्यावर मी पुढच्या रिफूजोला आधी फोन केला: “साना ए साल्वा.” सुखरूप. पुरुषांनी ‘सानो ए साल्वो’ म्हणायचं.