केदारकंठा, डिसेंबर: 'ट्रेनिंगसह' म्हणजे दहा मिनिटं

आधी निकाल सांगून टाकतो. उत्तराखंडातला केदारकंठाचा बर्फातला ट्रेक जरूर करा, पण 'बर्फात चालायचं ट्रेनिंग आम्ही देतो' म्हणणाऱ्या ग्रुपच्या भरवशावर नको. मी तसा गेलो. जिना उतरताना डावा गुडघा अजून कुरकुरतोय, त्यामुळे लिहिणं जरा तिखट होईल.

पाठीवर दहा किलो घेऊन तुमचा राजगड-तोरणा ट्रेक होतो आणि बूट पायाला रुळलेत, असं धरून चालतो. नसतील तर आधी तेच करा. देहरादून ते सांकरी १९०-२०० किलोमीटर, पण घाटातून अख्खा दिवस जातो. पैसे वाटेत पुरोल्यातच काढून घ्या. सांकरी साधारण ६,४०० फुटांवर, माथा १२,५०० फुटांवर. मधले दोन दिवस मजेत गेले. गोठलेला जुडा का तालाब, जंगल, चहाच्या टपऱ्या. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पुढे चला.

पुण्यातून पैसे भरले तेव्हा मेसेजमध्ये 'स्पाइक्स, गेटर्स, ट्रेनिंगसह' असं लिहिलेलं होतं. स्पाइक्स म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटावर रबराने चढवायचे साखळीचे दात, गेटर्स म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कापड. सांकरीत पोचल्यावर लीडर म्हणाला, "ते मिळतात इथे, भाड्याने घ्यायचे." ७०० रुपये भाडं, ५०० डिपॉझिट. माझ्या मापाचे संपलेले. एक नंबर मोठे हातात ठेवले, "चलेगा सर." ट्रेनिंग म्हणजे बेस कॅम्पवर स्पाइक्स चढवून दहा मिनिटं इकडून तिकडे चालणं आणि मग ग्रुप फोटो.

माथ्याला पहाटे तीनला निघालो. चढ दमवतो, पण तो आपल्याला जमतो. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछवर ऊन आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. खरा प्रकार उतारावर. शेकडो बुटांनी तुडवलेली वाट रात्रीत गोठून काचेसारखी झालेली. सह्याद्रीत घसाऱ्यावर आपण मागे रेलतो, वेळ आली तर सरळ बसून घेतो. बर्फात मागे रेललात की पाय पुढे सुटलाच. गाइड ओरडत होता, "आगे झुको सर, पीछे मत झुको!" मी झुकलो, आणि नेमका तेव्हाच डाव्या बुटाच्या चवड्यावरून स्पाइकचं रबर सटकलं. वीस-एक फूट घसरलो आणि भुसभुशीत बर्फात रुतून थांबलो. थांबलो म्हणजे नशिबाने थांबलो. घसरल्यावर थांबायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग गाइडने तिथेच पाच मिनिटांत शिकवलं. लगेच पोटावर वळायचं, तळहात दाबून छाती वर उचलायची, बुटांची टोकं रोवायची. पायात क्रॅम्पॉन (स्पाइक्सपेक्षा लांब काट्यांचे, बुटाला पट्ट्यांनी बांधायचे) असतील तर मात्र पाय वर धरायचे, नाहीतर काटा अडकून घोटा जातो. कडक बर्फावर स्पाइक्सचा अख्खा तळ टेकवायचा, म्हणजे सगळे दात धरतात. ऊन लागून बर्फ मऊ झाला की टाच मारत उतरायचं. एवढंच! हे सांकरीतच सांगितलं असतं तर?

स्पाइक्स स्वतःचे घ्या, तेही स्वतःच्या बुटावर चढवून बघून. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठत येतं, तोंड मोकळं राहतं. बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी. मी बाहेर ठेवले होते. सकाळी लेस वाकत नव्हती.

ग्रुप शोधताना 'किती ट्रेक केलेत' हे विचारू नका, ते आकडे सगळ्यांकडे असतात. लीडरने गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स कुठून केला, एका लीडरमागे माणसं किती, डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर मला खाली कोण घेऊन येणार, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला 'असं काही होत नाही' हे उत्तर आलं तर पैसे भरू नका. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेले जुने क्लब धरा. पुण्यात गिरिप्रेमीची प्रशिक्षण संस्था आहे. शनिवार-रविवार सिंहगडावर कोर्स केलेली माणसं भेटतात, बोलतं केलं की थांबत नाहीत.

बर्फाचा नाद खराच लागला असेल तर उत्तरकाशीचं नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगचं हिमालयन इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था. बेसिक कोर्सला जवळपास चार आठवडे लागतात, रजेचं आधी बघा. नावनोंदणी खूप आधी करावी लागते. पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला बेसिकमध्ये 'ए' ग्रेड लागतो, तेव्हा नुसतं फिरायला म्हणून जाऊ नका.

ता. क. सांकरीत स्पाइक्स परत केले तेव्हा दुकानदाराने डिपॉझिटमधले १०० रुपये कापले. डावीकडची साखळी वाकली होती म्हणे.