तुम्ही विचारलंत म्हणून: पाऊस पडला की बेडूक ओरडणारच, त्यात संशोधन कसलं?

सोलापुरात हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो, गिरणीत दळणाच्या रांगेतही येतो. "मृग लागला की बेडूक अंडी घालतो, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही त्यात हार्मोन काय शोधता, मॅडम?" उत्तरं देऊन थकले, म्हणून लिहून ठेवते.

पहिल्या सरीला पिवळाधमक नर डबक्यात ओरडायला लागतो, तेव्हा मादीच्या पोटातली अंडी आधीच तयार असतात. ती भरतात भर उन्हाळ्यात, विहिरींचे तळ दिसत असताना. इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन यकृताला बलकाचं प्रथिन करायला लावतं, ते रक्तातून अंडाशयात येतं आणि अंडाशयालगतची पिवळी, बोटांसारखी चरबी आटत जाते. पाऊस आलाच नाही तर भरलेली अंडी जागच्या जागी जिरतात आणि तपकिरी-काळे ठिपके उरतात. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात तो ठिपका मोजणं मला कधीच फालतू वाटलं नाही.

अंडी सोडण्याचा शेवटचा इशारा मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा. तयार मादीला बेडकाच्याच पिट्यूटरीचा अर्क टोचला, की पावसाचा थेंब नसताना टाकीत अंडी सुटतात. माणसाला काय उपयोग, असंही विचारता. 1930 च्या दशकापासून गरोदरपणाची तपासणी आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकीवर होत होती: बाईची लघवी टोचायची, दिवस गेले असतील तर लघवीतल्या हार्मोनने साधारण रात्रभरात बेडकी अंडी घालते.

आता आमची चूक. अंडाशयाचा तुकडा रिंगर द्रावणात, म्हणजे बेडकाच्या अंगाला मानवणाऱ्या खारट पाण्यात, सोडवून त्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घालायचं आणि अंडं पक्व होतं का ते पाहायचं, एवढंच काम होतं. द्रावणात लिटरला मीठ साडेसहा ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.14, खायचा सोडा 0.2, कॅल्शियम क्लोराइड 0.12. कॅल्शियम वेगळं विरघळवून शेवटी घालायचं, नाहीतर पाणी गढूळ होतं. माणसाचं नऊ ग्रॅमचं सलाईन चालत नाही, अंडी आक्रसतात. प्रोजेस्टेरॉन पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलमधून देतात. तेवढंच अल्कोहोल तुलनेसाठी ठेवलेल्या, हार्मोन नसलेल्या बशीतही घालावं लागतं. हे सगळं चोख होतं. पक्व अंड्याच्या काळ्या टोकावर पांढरा ठिपका येतो, तो आम्ही मोजत होतो. मे महिना, रात्री वीज गेलेली. सकाळी हार्मोनच्या बशीत ठिपके, आणि बिनहार्मोनच्या बशीतही तितकेच!

ठिपका फसवतो. गरमीने मरायला लागलेल्या अंड्याचाही रंग फाटून पांढरे डाग पडतात. खात्री करायची तर अंडी गरम पाण्यात उकळून घट्ट करायची आणि ब्लेडने मधोमध चिरायची. पक्व अंड्यात बलक सलग दिसतो; कच्च्या अंड्यात वरच्या टोकाखाली पेशीकेंद्रकाची अर्धपारदर्शक गोळी शाबूत असते. आम्ही चिरली. दोन्ही बशांतल्या बहुतेक अंड्यांत गोळी तशीच. म्हणजे तोवर निव्वळ डोळ्यांनी मोजलेले कितीतरी आठवड्यांचे आकडे टाकावे लागले. त्या आकड्यांसाठी ज्या माद्या मारल्या, त्या परत येणार नव्हत्या.

इथे तुमचा दुसरा प्रश्न खरा ठरतो: "मारता कशाला?" वनखात्याची परवानगी आहे, नैतिकता समितीची मंजुरी आहे, असं मी पूर्वी ताडकन सांगत असे. ते खरंच होतं. पण तेव्हा चुकीची मोजणीही परवानगीनेच चालली होती, हे मी त्या वेळच्या स्वतःला कितीदा ऐकवलं आहे. ती तेव्हाची मी म्हणते, न कापता कळलं असतं का?

आता बेडूक तासभर पाण्यात ठेवून त्या पाण्यातलं हार्मोन मोजता येतं, जिवाला धक्का नाही. पण ते पाणी फार तर मादीची हार्मोनची पातळी सांगतं. पोटात किती अंडी भरली आणि किती जिरली, हे सांगत नाही. त्यासाठी अजून पोट उघडावं लागतं, आणि परवानगीचा पुढचा अर्ज माझ्या टेबलावर कोराच पडला आहे.