तुम्ही विचारलंत म्हणून: गॅमा किरण स्फोटांचं ते नातं खरं का?

कोल्हापुरातल्या एम.एस्सी.च्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून येणारे गॅमा किरणांचे क्षणिक लोट. स्फोटाची एकूण ऊर्जा जितकी जास्त तितकी त्याच्या वर्णपटाची शिखर-ऊर्जा (ज्या ऊर्जेच्या आसपासच्या फोटॉनांतून, म्हणजे प्रकाशकणांतून, सर्वाधिक ऊर्जा येते ती) जास्त, हे २००२ सालचं खगोलशास्त्रज्ञ आमाती यांचं नातं निसर्गाचं, की उपकरणाच्या नजरेचं? एकूण ऊर्जा आणि शिखर-ऊर्जा यांचा आलेख काढला की स्फोटांचे ठिपके एका तिरक्या पट्ट्यात येतात. माझं मत असं: या पट्ट्याची एक कड खरी, दुसरीवर संशय ठेवा.

समजा, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळीला, ३९ फुटांना लागली तरच वहीत नोंद करायची. मग धो धो पाऊस पडूनही नदी ३५ फुटांवरच राहिली, असे दिवस वहीत येणारच नाहीत. वही वाचणाऱ्याला वाटेल, मोठा पाऊस म्हणजे पूर ठरलेलाच.

स्फोटांचंही तसंच होतं. उपग्रहावरचं उपकरण जागं होतं ते फोटॉनांच्या संख्येवर, ऊर्जेवर नव्हे. ठरावीक ऊर्जा १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनांतून आली आणि १,००० फोटॉन मिळाले, तर तेवढीच ऊर्जा १,००० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनांतून येताना फक्त १०० मिळतील. ते पार्श्वभूमीच्या गोंगाटात सहज बुडतात. त्यामुळे ऊर्जा कमी, शिखर उंच हा कोपरा ओस पडतो. उलट ऊर्जा भरपूर, शिखर खाली असे स्फोट फोटॉनांनी गच्च असतात, ते निसटणं अवघड. तरी तो कोपराही जवळपास रिकामाच आहे. ही कड मी खरी मानतो.

पुढे आणखी गळती आहे. स्विफ्ट या उपग्रहावरचं बॅट उपकरण १५ ते १५० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढंच बघतं. शिखर त्याच्या वर गेलं की बहुतेक वेळा शिखर-ऊर्जेचा रकाना कोराच राहतो. रेडशिफ्ट (प्रकाशाची लहर वाटेत किती ताणली गेली याचं माप, ज्यावरून अंतर कळतं) मिळाली नाही तर एकूण ऊर्जा काढता येत नाही, आणि मंद स्फोटांची रेडशिफ्ट मिळणं कठीण.

रेडशिफ्टशिवायही एक चाचणी करता येते, आणि ती मला फार आवडते. मोजलेल्या शिखर-ऊर्जेचा वर्ग घ्या, त्याला दर चौरस सेंटीमीटरवर पोचलेल्या ऊर्जेने भागा. नातं खरं असेल तर रेडशिफ्ट काहीही धरली तरी या भागाकाराला वरची मर्यादा असते. २००५ मध्ये नाकार आणि पिरान या संशोधकांनी बॅट्से या आधीच्या उपग्रहावरच्या उपकरणाने टिपलेले स्फोट असे तपासले, तेव्हा बरेच मर्यादेबाहेर निघाले, म्हणजे नात्यात बसले नाहीत.

स्वतः करून बघायचं तर संगणकावर नातं नसलेले स्फोट तयार करा, ते उपकरणाच्या उंबरठ्यातून (ते जागं व्हायला लागणाऱ्या किमान फोटॉनसंख्येतून) गाळा आणि उरलेल्यांचा आलेख काढा; त्यात नातं दिसलं तर ते गाळणीतून आलेलं. चूक होते ती सगळ्यांना एकच उंबरठा लावल्याने. पार्श्वभूमी आणि उपकरणाशी होणारा कोन बदलला की तोही बदलतो, तेव्हा प्रत्येक स्फोटाचा वेगळा काढा.