चेहरा बदलला, पण घरभाडं कोण भरतं?

"जुन्या टीन सिनेमांच्या रीमेकमध्ये गोऱ्या पात्रांच्या जागी काळे, ब्राऊन कलाकार घेतात, ते खटकत नाही का तुम्हाला?" सिनेमावर बोलायला बसलं की हे कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

नाही खटकत. उलटं तर कित्येक वर्षं सर्रास चालत होतं की! १९६१ चा 'वेस्ट साइड स्टोरी' म्हणजे न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या आणि पोर्तो रिकन पोरांच्या टोळ्यांची गोष्ट, त्यात पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरची मारिया कोण, तर नॅटली वुड, जिचे आईवडील रशियन, मारियाचा भाऊ झाला ग्रीक वंशाचा जॉर्ज चकिरिस, तोंडाला तपकिरी मेकअप फासून, आणि त्याला ऑस्करही मिळालं. कहर म्हणजे रिटा मोरेनो, जी खरीखुरी पोर्तो रिकन, तिलाही तोच गडद मेकअप लावला.

मला राग येतो तो नुसता चेहरा बदलून गप्प बसतात त्याचा. शाळेतल्या पोरींच्या टोळक्यावरच्या 'मीन गर्ल्स'चंच बघा. २००४ ची कॅरन स्मिथ २०२४ मध्ये कॅरन शेट्टी झाली, भारतीय वंशाच्या अवंतिकानं काम झकास केलंय, पण आडनाव सोडलं तर बाईसाहेब तशाच्या तशा, आणि मुळात ज्या जोरावर टोळक्याची म्होरकी रेजिना शाळेवर राज्य करते तो पैसा, आईबापांची बेडरूम स्वतःला घेऊन बसलेली ती पोरगी, त्याला कोणी हात लावायचा? कास्टिंग बदलणं सोपं असतं हो, स्क्रिप्ट बदलायला डोकं लागतं.

दिग्दर्शक स्पीलबर्गनं २०२१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'च्या रीमेकमध्ये ते डोकं लावलं. पोर्तो रिकन पात्रांना लॅटिन अमेरिकी वंशाचे कलाकार घेतलेच, पण सिनेमा सुरू होतो तोच पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर, तिथे लिंकन सेंटर हे नाट्य-संगीताचं मोठं संकुल होणार म्हणून पाटी लागलेली. म्हणजे दोन टोळ्या ज्या गल्लीसाठी एकमेकांच्या जिवावर उठल्यात ती गल्ली दोघांचीही राहणार नाहीये, दोघंही गरीबच. आणि स्पॅनिश संवादांना सबटायटल नाहीत, ज्याला कळत नाही त्यानं अंदाज लावावा, मला तर हे भयंकर आवडलं.

आता 'प्रिटी इन पिंक' (१९८६) घ्या. अँडीचा बाप बेकार, ती रेकॉर्डच्या दुकानात काम करते, प्रॉमचा, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीचा ड्रेस दोन ड्रेस कापून स्वतः शिवते, आणि तिला आवडणाऱ्या श्रीमंत ब्लेनचे मित्र तिला तुच्छ लेखतात. याचा रीमेक कोणी काढलाच तर अँडी कुठल्याही रंगाची घ्या, माझी ना नाही. फक्त तिला डिझायनर ड्रेस देऊ नका बाबांनो.