पवारांचे बवार

विदेश सेवेतल्या अधिकाऱ्याची मुंबईत बदली झाली की नातेवाईक आधी सांत्वन करतात. माझ्या मावशीने तर ‘वरच्यांशी काही बिनसलं का गं?’ असे सरळच विचारले होते. परदेशात एक-दोन नेमणुका झाल्या की काही वर्षे देशात काढायची, हा आमच्या नोकरीचा नेहमीचाच क्रम आहे, हे तिला पटवण्याचा नाद मी सोडून दिला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात मी रुजू झाले, त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते.

त्या गुरुवारी सकाळी खेड तालुक्यातून रात्रीच्या एसटीने आलेले एक गृहस्थ समोर बसले. त्यांचे आडनाव पवार होते असे धरू. मुलगा दहावी नापास, म्हणून पासपोर्टवर ईसीआरची नोंद, म्हणजे आखातात नोकरीला जायचे तर सरकारी परवानगी लागणार आणि तिच्यासाठी प्रवासी भारतीय विमा उतरवावाच लागणार. बांधकामावरून पडून तो गेला, त्याला तीन वर्षे झाली होती. अपघाती मृत्यूबद्दल मिळणारे दहा लाख रुपये विमा कंपनीने अडवून ठेवले होते, कारण मृत्यूच्या दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरात आडनाव ‘बवार’ असे पडले होते. पासपोर्ट क्रमांक दोन्ही कागदांवर एकच होता, पण कंपनीच्या लेखी तो पुरेसा नव्हता.

मी मूळ अरबी दाखला मागितला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी आधी कोपरा कापून रद्द केलेला पासपोर्ट काढला आणि मग चार घड्यांचा तो कागद. विदेश सेवेत प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते. माझ्या वाट्याला अरबी आली आणि ती शिकायला मला कैरोला पाठवले गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात कळले की अरबी मुळाक्षरांत ‘प’ नाही, म्हणून दुकानदारसुद्धा ‘बेब्सी’ मागायला लावतो. दाखल्यावर पवार हे आडनाव ‘बा’नेच लिहिलेले होते, आणि दुसरे कुठले अक्षर लिहिणाऱ्याकडे नव्हतेच. भाषांतर करणाऱ्याने पासपोर्ट न पाहता तेच इंग्रजीत उतरवले होते.

कागद उलटा केला तेव्हा मागे आपल्या वकिलातीचा साक्षांकनाचा शिक्का दिसला. त्याखाली द्वितीय सचिव म्हणून सही माझीच होती.

‘मजकुराची जबाबदारी वकिलातीवर नाही’ अशी ओळ त्या शिक्क्यातच असते. आम्ही साक्षांकित करतो ती फक्त त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर. नियमाने माझे काही चुकले नव्हते; पण त्या खिडकीत अरबी आणि मराठी दोन्ही वाचू शकणारी मी एकटीच होते, आणि दिवसाला शे-दीडशे कागद हातावेगळे करण्याच्या नादात मी तो वाचलाच नव्हता. हे मी त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे दुपारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. वकिलातीने मृतदेह पाठवताना दिलेल्या ना-हरकत पत्रात आडनाव बरोबर असणार हे मला माहीत होते, कारण ते पासपोर्टवरूनच भरतात. तिथल्या सहकाऱ्याला मी फोन केला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रमाणपत्र त्या नोंदीच्या आधारे मागितले. चारच्या सुमारास ते ईमेलने आले. मूळ प्रत टपालाने येणार होती. तोवर कंपनीसाठी मी अरबी लिपीचा खुलासा करणारे एक पानी पत्र जोडून दिले.

पवारांनी दोन्ही कागद पिशवीत नीट सरकवले. निघता निघता दाराशी थांबून ते म्हणाले, “मॅडम, म्हणजे तिकडच्या दप्तरात तो कायमचा बवारच राहणार?”

“हो काका,” मी म्हणाले, “त्यांच्याकडे ते अक्षरच नाही.”