रफ वहीतली पानं

वार्षिक परीक्षा संपली की आमच्याकडे वह्या फाडायचा कार्यक्रम असे. उरलेली कोरी पानं काढायची, गठ्ठा बांधून बाजारातल्या बाइंडरकडे द्यायचा, आणि शाळा उघडेपर्यंत जाडजूड रफ वही तयार. गणिताच्या चौकटी, इंग्रजीच्या चार रेघा, मराठीची एकरेघी, सगळं एका पुठ्ठ्यात. आपल्या शाळेत ही वही नसलेला विद्यार्थी त्या काळी शोधूनही सापडला नसता.

आठवीत मराठीच्या बाईंनी या वहीला कामाला लावलं. रोज एक ओळ लिहायची, त्या दिवशी पाहिलेली किंवा ऐकलेली. ‘छान’, ‘सुंदर’, ‘मन भरून आलं’ दिसलं की लाल पेन फिरायचं. सुविचार फळ्यावर असतात, ते वहीत नकोत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गुण कधी दिले नाहीत. ओळ वाचून एखादा प्रश्न मात्र विचारायच्या. ‘पोतं कोणत्या खांद्यावर होतं?’ मग दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बाजारात जाऊन बघून यावं लागे.

बहिणाबाई त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या बाहेर शिकवल्या. आपल्या जळगावजवळच्या आसोद्याची लेक, अक्षरओळख नाही, आणि विषय कुठले, तर घरोटं (जातं), मोट, सुगरणीचा खोपा. कामाच्या ओघात त्या गात आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं ते वहीत उतरवून ठेवत. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये कविता पुस्तकरूपाने आल्या. बाई कवितेच्या अर्थापेक्षा त्या वहीबद्दलच जास्त बोलत. उतरवून घेणारं कोणी घरात नसतं तर? हा प्रश्न विचारून त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि आम्ही घंटेकडे कान लावून.

माझ्या वहीत केळीच फार होती, सावद्या-रावेरकडच्या पोराच्या वहीत दुसरं काय असणार! एका चौकटीच्या पानावर असं लिहिलंय: ‘वडलांच्या सदऱ्यावर चिकाचे डाग. खांद्यावर जास्त, कारण घड खांद्यावर. आई म्हणते, डाग जात नही, सदराच जातो.’ खाली बाईंचा प्रश्न: ‘रंग?’ त्याखाली माझं उत्तर: ‘आधी काही दिसत नाही. वाळल्यावर तपकिरी, मग काळा.’

कॉलेजात एकांकिका लिहायला लागलो तेव्हा हे पान उपयोगी पडलं. शेतमजूर बापाची भूमिका होती. कपडेपटातून कोरा करकरीत सदरा आला, त्याला जागोजाग मुद्दाम ठिगळं लावलेली. मी ती काढायला लावली आणि फक्त उजव्या खांद्यावर काळे डाग पाडले. बापाच्या तोंडी गरिबीवर एक लांबलचक स्वगत होतं, ते मग कापूनच टाकलं.

दुसरं उदाहरण एसटीचं. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी रक्कम लिहून देत, उतरताना आठवणीने मागून घ्यायची. असं एक न मागितलेलं तिकीट वहीत चिकटवलेलं आहे. पैसे माझे नव्हते, शेजारच्या आजींचे होते. त्या घाईत उतरल्या आणि तिकीट सीटवर राहिलं. पुढे किती वर्षांनी तरी त्यावरून एक एकांकिका झाली: बाकी मागायला म्हातारी डेपोत येते आणि तिथून हलतच नाही. प्रेक्षक हसले, परीक्षकांना कळली नाही.

लोक विचारतात, स्फूर्ती कशी येते? मला तरी स्पर्धेच्या प्रवेशिकेची शेवटची तारीख येते. तेव्हा वही उघडायची आणि जे पान निघेल तिथून सुरुवात करायची. मोबाइलमध्येही टिपून ठेवतो, पण त्यातलं हवं तेवढंच सापडतं. वहीत नको असलेलंही वाटेत भेटतं, आणि बहुतेक वेळा कामाला तेच येतं.

आपल्या वर्गातल्या कुणाकडे आठवीची रफ वही माळ्यावर अजून असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला एक फोन करा. तुमच्या गल्लीत काय काय झालं ते मला हवं आहे. श्रेय देईन, मानधनाचं बघू.