पावसात काठियावाडचा किनारा: बडोदा ते माधवपूर

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आई, बायको आणि मी बडोद्याहून निघून भावनगर, महुवा, दीव, सोमनाथ करत माधवपूरपर्यंत गाडीने जाऊन आलो. चार दिवस, आणि चारही दिवस पाऊस. निघण्याआधी बडोद्याच्या दांडिया बाजारात जो भेटेल तो विचारत होता, गीर बंद असताना बघणार काय? गीर आणि भावनगरजवळचं वेळावदरचं काळवीट उद्यान दोन्ही १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतात, हे खरं. पण २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यातले निम्म्याहून जास्त अभयारण्याबाहेर. अमरेली, भावनगर आणि गीर सोमनाथच्या किनारपट्टीवर ते शेतात, बाभळीच्या झाडीत, बंदराच्या आसपास राहतात. आम्हा बडोदेकरांना यात नवल वाटू नये. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीतली मगर आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आली होती. पाणी चढलं की जनावर कोरडी जागा शोधतं.

बडोदा ते भावनगर तारापूर, वटामण, पिपळी, धोलेरा असा साधारण दोनशे किलोमीटरचा रस्ता. वटामणपर्यंत ट्रक फार, पुढे सगळा भाल नावाचा सपाट मुलूख. जोराचा पाऊस झाला असेल तर तिथे पाणी साचून राहतं, म्हणून वटामण चोकडीवर चहा घेताना समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला विचारून मगच पुढे जा. आम्ही भल्या पहाटे निघालो आणि धोलेऱ्याच्या अलीकडे अंधुक उजेडात एक रोझ, म्हणजे नीलगाय, उजवीकडून धावत गाडीसमोर आली. मी ऐंशीच्या वेगात होतो. ओल्या रस्त्यावर गाडी घसरत गेली आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबली. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर अंधारात आणि संधिप्रकाशात पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. तुम्हीही देऊ नका. पावसाळ्यात गाई-म्हशीसुद्धा चिखल टाळून डांबरावरच बसतात, आणि काळी म्हैस पावसात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

राजुला सोडून उन्याकडे जाताना संध्याकाळचे पावणेसात झाले होते. भुरभुर चालू होती. पुढे एसटीची बस उभी, तिच्यामागे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवरच्या काकांनी मागे वळून हात दाखवला, ‘सावज छे, ऊभा रहो.’ म्हणजे सिंह आहे, थांबा. रस्त्याच्या कडेला सिंहीण आणि तिचे दोन मोठे झालेले बच्चे बसले होते. मग काकांनीच सांगितलं, पावसात झाडी गळते, माशा आणि डास छळतात, म्हणून ही रस्त्यावर वाऱ्याला येऊन बसतात.

बस सरकली, ट्रॅक्टर थोडा पुढे गेला आणि ती आमच्या डाव्या काचेपासून पंधरा फुटांवर आली. अंगावरचे केस भिजून चिकटले होते, पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबत होती. कानांची मागची बाजू काळी असते, हे मी तेव्हा पाहिलं. वायपर फिरला की तिची नजर इकडे वळे, म्हणून मी वायपर बंद केला. मग काचेवर पाणी जमून ती विरघळल्यासारखी दिसू लागली. आईने माझा दंड धरून ठेवला होता. एकदा सिंहिणीने डोकं झटकलं, पाण्याचे थेंब उडाले, आणि ती पुन्हा पंजावर हनुवटी टेकून बसली. वीस मिनिटांनी तिघंही कपाशीच्या शेतात उतरली.

मागच्या गाडीतला एकजण मोबाइल घेऊन खाली उतरला, तेव्हा काकांनी त्याला चांगलंच झापलं. बरं केलं. काचा बंद, दिवे मंद, हॉर्न नाही, खाली उतरायचं नाही. ‘रात्री सिंह दाखवतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्याबरोबर जाऊ नका. तो गुन्हा आहे आणि जनावराचा छळही. रीतसर बघायचं असेल तर सासणजवळचं देवळिया सफारी पार्क पावसाळ्यातही चालू असतं, बुधवारी बंद.

दीवला एक रात्र पुरे. पावसाळ्यात समुद्रात उतरायला मनाई असते आणि नागव्याच्या लाटा पाहिल्यावर ती का, हे कळतं. तिथली बाटली परत गुजरातेत आणू नका, वाटेत तपासणी होते.

कोडीनारला थांबायचं ते आईसाठी. अमरेली, धारी, कोडीनार हा गायकवाडांचा मुलूख. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, तोवर तिचे आजोबा कोडीनारला सरकारी नोकरीत होते. कचेरी कुठली ते आता ओळखू येईना, पण गावाबाहेरच्या एका आतल्या रस्त्यावर तिनेच ‘थांब, थांब’ केलं. तळहाताएवढं तारा कासव रस्ता ओलांडत होतं. काळ्या पाठीवर प्रत्येक उंचवट्यापासून पिवळ्या रेघा फुटलेल्या, पावसाने धुऊन लखलखीत. आई छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि येणाऱ्या दुचाक्यांना हात करत राहिली. कासवाला पलीकडे जायला सहा मिनिटं लागली. त्याला उचलू नका, घाबरलं की साठवलेलं पाणी सोडून देतं. घरी नेणं तर कायद्याने गुन्हाच.

वेरावळला मासेमारी बंदीमुळे होड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. १५ ऑगस्टपर्यंत ताज्या मासळीची आशा धरू नका. भावनगरी गांठिये आणि बाजरीचा रोटला भरपूर मिळतो.

माधवपूरला रस्ता समुद्राला जवळजवळ चिकटून जातो. वाळूत जाणार असाल तर दिवे आणि टॉर्च बंद ठेवा, कारण हिरवी समुद्री कासवं पावसाळ्यातच इथे अंडी घालायला येतात. वनखातं ती अंडी सुरक्षित जागी हलवतं. पहाटे आम्हाला कासव दिसलं नाही. पाण्यापासून कोरड्या वाळूपर्यंत ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग होता, वर मोठा खळगा, आणि तिथून परतीचा दुसरा माग. आई वाकून बराच वेळ बघत राहिली. भरती चढत होती, परतीच्या मागाचं खालचं टोक पाण्याने पुसत आणलं होतं.